पडद्यावरची भरती

वॉर्डाच्या सभेत एका मुलीने आमचं खाडीकाठचं शहर संगणकावर वाढवून दाखवलं. लाल ठिपके म्हणजे इमारती. कांदळवनं गिळत ते असे झरझर पसरले की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग तिने ऐन भरतीत मुसळधार पाऊस पाडला आणि निळं पाणी आत शिरलं. लगेच सगळं सभागृह उठून पडद्याशी! शहराचं भविष्य समोर मांडलं, तरी माणूस आधी त्यात आपलं घर शोधतो.

आमच्या खाली, तळमजल्यावर राहणाऱ्या मालतीबाईंना आपलं घर निळ्यात सापडलं. "अगं, आमच्यापुढे भिंत घाल की!"

मुलीने पडद्यावर भिंत घातली. निळा रंग निमूट मागे फिरला आणि समोरच्या काठावर चढला. पाण्याला राग-लोभ नसतो. एका दारातून हाकललं की ते दुसऱ्या दारात जातं, इतकंच.

मालतीबाई चष्मा सावरत वाकल्या. "अगं बाई, तिथे माझी लेक दिलीय!"

"मग भिंत काढू, काकू?"

"आणखी कुठे ढकलता नाही येत?"

"येतं की. पण तिथेही कुणीतरी राहतंच."

मालतीबाईंनी बराच वेळ नकाशा न्याहाळला.

"काढ," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बोट केलं. "पाणी आलं तर आम्ही वर यांच्याकडे जाऊ."