शेवटचं सव्वा मिनिट

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. आवाजबंद खोलीत बसलेले एक आजोबा हातातलं बटण दाबताहेत आणि काचेच्या अलीकडे बसलेल्या ताईने गेली दहा सेकंदं एकही आवाज सोडलेला नाही.

"आजोबा," ती माईकमधून म्हणाली, "आवाज आला की दाबायचं. अंदाजपंचे नाही."

"आलाच होता की!"

"मी सोडलाच नाही, तर आला कुठून?"

आजोबांनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. "मग तुझं मशीन बिघडलं असेल," ते म्हणाले.

ताईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कानाच्या दवाखान्यात तिला चौदा वर्षं झाली. दिवसाला अकरा ते तेरा माणसं येतात. हेडफोन लावायचे, आधी जाड आवाज सोडायचे, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि जिथे ऐकू येईनासं होतं तिथे कागदावर खूण करायची. लबाडी करणारे तिच्या पटकन लक्षात येतात. ते ठरावीक अंतराने, झोकात बटण दाबतात. खरं ऐकणारा माणूस अडखळतो.

ताईचं वय एक्केचाळीस. धाकटा भाऊ नोकरीसाठी परगावी गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली, पण त्याने पाडलेलं 'ताई' हे नाव घरात तसंच राहिलं. आईवडीलही तिला ताईच म्हणतात आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईही.

त्या दिवशी तिने साडेपाचला रजिस्टर मिटलं आणि थेट घर गाठलं. पाच महिने खपून केलेलं स्वतःचं गाणं ती आज आईबाबांना ऐकवणार होती.

गाणं म्हणजे त्याला शब्द नाहीत. घरच्या जुन्या कीबोर्डवर वाजवलेली, लॅपटॉपवर जुळवलेली तीन मिनिटं वीस सेकंदांची एक धून. ती आठवीत असताना बाबांनी तो कीबोर्ड कुणाकडून तरी जुना मिळवला आणि खांद्यावर घालून आणला. त्याच्या तीन पट्ट्या तेव्हाही वाजत नव्हत्या. त्यानंतर बाबांनी कधी "वाजव बघू" म्हटलं नाही आणि तिनेही कधी वाजवून दाखवलं नाही. कॉलेजात गेल्यावर तो कपाटावर चढला, तो थेट यंदा खाली उतरला. आईला गाणं आवडणार यात तिला शंका नव्हती. आईला तिचं सगळंच आवडतं. बाबांनी ऐकावं आणि ऐकून काहीतरी म्हणावं, यासाठी जीव टांगणीला लागला होता.

त्यातही शेवटचं सव्वा मिनिट. तिथे खालचे सगळे सूर थांबतात आणि फक्त काच वाजते. घरातले सहा ग्लास कमीजास्त पाणी भरून, चमच्याच्या दांड्याने हळू वाजवून तिने ती धून रेकॉर्ड केली होती. त्यासाठी चार रविवार गेले. तिच्या मते गाणं होतं ते तिथे; आधीची दोन मिनिटं म्हणजे तिथवर जायचा जिना.

सात वाजता तिने टीव्ही बंद केला आणि दोन स्पीकर टेबलावर मांडले. आई मटार सोलत होती. बाबा हात मांडीवर ठेवून, डॉक्टरसमोर बसावं तसे बसले. बाबांनी एकतीस वर्षं पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात छाप मारायच्या मशीनवर काढली आहेत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. कान तपासून घ्या, असं ताईने त्यांना दोनदा सांगून पाहिलं होतं. "कामाचं सगळं ऐकू येतं मला," असं एकदा म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांनी विषयच बदलला.

"मोठं आहे का गं?" आईने विचारलं.

"सव्वातीन मिनिटं."

"मग होऊ दे. मटार तोवर संपतात."

गाणं सुरू झालं. बाबा खरंच ऐकत होते. पहिल्या मिनिटात त्यांचा अंगठा गुडघ्यावर हलायला लागला. कधी थोडा मागे पडायचा, कधी पुढे जायचा. ताईला ते फार बरं वाटलं. दोन मिनिटं पाच सेकंदांवर खालचे सूर थांबले आणि काच सुरू झाली.

"छान!" बाबा मोठ्याने म्हणाले. "फार छान. पण लवकर आटपलंस. बरं, ती मागच्या दाराची कडी सैल झालीय, सुताराला–"

"अहो," आई म्हणाली, "चालूय अजून."

"काय चालूय?"

"गाणं."

बाबांनी स्पीकरकडे पाहिलं, मग ताईकडे. "हो, हो. चालूय की," ते म्हणाले आणि मान डोलवू लागले. ठरावीक अंतराने, झोकात.

ताईने लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि गाणं थांबवलं. बाबांची मान आणखी चार वेळा डोलली.

"तिने बंद केलंय," आई हळूच म्हणाली.

बाबांची मान थांबली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. "दवाखान्यातले डाव घरात खेळतेस होय?"

"चुकलं माझं," ताई म्हणाली. खरंच चुकलं होतं. "बाबा, कधीपासून?"

"कारखान्यातल्या सगळ्यांचंच तसं आहे. त्यात काय विचारायचं? तुझं बोलणं कळतं. हिचं तर शेजाऱ्यांनाही कळतं."

"मला मध्ये घेऊ नका," आई म्हणाली. "दाराची बेल वाजली की मी उठते, फोन वाजला की मीच उठते. दूधवाला विचारतो, साहेब माझ्यावर रागावलेत का?"

बाबा उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत येऊन त्याच जागी बसले.

"किती राहिलं होतं?"

"सव्वा मिनिट."

"काय होतं त्यात?"

ताईला सांगता येईना. दिवसभर ती लोकांना त्यांच्या कानांचे आलेख समजावून देते. "ग्लास होते," ती म्हणाली.

"कसले ग्लास?"

"माझे!" आई म्हणाली. "महिनाभर रविवारचं पाणी आम्ही वाट्यांनी पितोय ते कशामुळे?" तिने मटाराचं ताट बाजूला सरकवलं. "थांबा. असं होतं ते."

आणि तोंड मिटून ती गुणगुणू लागली. आईचा आवाज घोगरा. गाणं ती कधी शिकलेली नाही. दोन ठिकाणी सूर घसरला. पण धून तीच होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधल्या लांब थांब्यासकट. ताई पाहतच राहिली. दाराला गादी लावून, कुणाला कळू नये म्हणून तिने पाच महिने जे केलं होतं, ते भिंतीपलीकडे आईला पाठ झालं होतं. बाबांना मात्र त्याच भिंतीतून काहीच आलं नव्हतं.

बाबा आईच्या तोंडाकडे बघत होते. संपल्यावर म्हणाले, "हे चांगलं आहे. पहिल्यापेक्षा चांगलं आहे."

"पण हे असं नाहीये," ताई म्हणाली. "ते खूप वरच्या सुरात आहे. बारीक."

"मग खाली का नाही आणलंस?"

"खाली आणलं तर ते ते राहत नाही."

बाबांनी यावर विचार केला. मशीनवर काम केलेल्या माणसाला हे पटण्यासारखं होतं. माप बदललं की डबा दुसरा होतो.

"कानाला यंत्र लावलं, तर येईल ऐकू?"

हा प्रश्न तिला रोज कुणी ना कुणी विचारतं आणि तिचं उत्तर ठरलेलं आहे: तपासल्याशिवाय सांगता येत नाही. वडिलांना तिने थोडं जास्त सांगितलं. "काही येईल. पण आहे तसं नाही. काच कदाचित पत्र्यासारखी वाजेल."

"पत्र्याची सवय आहे मला," बाबा म्हणाले.

आई हसली. ताईला हसू यायला थोडा वेळ लागला.

"पण तुझ्यापुढे नाही बसणार मी," बाबांनी बजावलं. "तुझ्यापुढे परत मान डोलवीन."

"तसंही घरच्यांना आम्ही तपासत नाही. नियम आहे. शेजारच्या खोलीतल्या बाई तपासतील."

"मग ठीक. आणि त्या दुसऱ्या बाईंना आधीच सांगून ठेव, मी लबाडी करतो म्हणून."

पावणेआठला ताईने सहकारी बाईंना फोन लावला. बाबांनी कडीचा विषय पुन्हा काढला आणि सुताराला शनिवारी बोलवायचं ठरलं. मटार सोलून झाले होते.

उद्या दवाखान्याच्या यादीत बाबांचं नाव चौथं आहे. वेळ दहा वाजून चाळीस मिनिटं, खोली क्रमांक दोन. खोली क्रमांक एकमध्ये ताईकडे त्याच वेळेला सहा वर्षांची एक मुलगी आहे, आणि लहान मुलांच्या तपासणीला पाऊण तास लागतो. तोवर बाबांचं आटपलेलं असेल.