प्रेमलताबाईंची नागपूरची पेशी

बोरगावच्या प्रेमलताबाईंना कुणी कोर्टाची भीती घालू नये. नवरा गेला आणि दिरानं संत्र्याच्या बागेवर हक्क सांगितला, तेव्हापासून अकरा वर्षं ही बाई सौसरला एकटी पेशीला जाते आहे. आमच्या भागात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, दुसरा अर्थच नाही. त्यामुळे नागपूरहून लेकीचा, धनश्रीचा फोन आला, "आई, या पेशींनी माह्यं वाटोळं केलं, मी सारं सोडून घरी येतो," तेव्हा बाईंनी पुढचं ऐकलंच नाही. पोरीवर कुणी मेल्यानं केस ठोकली! पांढुर्ण्याच्या वकिलाचा नंबर घेतला आणि सकाळची पहिली बस धरली.

"कागद दाखव," खोलीत पाय ठेवताच त्या म्हणाल्या.

धनश्री आधी हसली, मग रडली. केस कसली, ती कॅन्सरवर संशोधन करत होती. सीमेपलीकडे, गावच्या हिंदी शाळेत जिला कोशिका म्हणायचे, तिला नागपुरात पेशी म्हणतात.

"बिघडलेल्या पेशीनं आपल्या हातानं मरावं, अशी अंगात सोय असते, आई. एक प्रथिन ते मरण अडवते. मायक्रोआरएनए म्हणून एवढूसा तुकडा असते, तो ते प्रथिन बनूच देत नाही. गाठीत तोच कमी पडते. मी बाहेरून टाकून राहिली. सात खेपा झाल्या. पेशी मरूनच नाही राहिल्या."

"पानसोट हाय ती गाठ," बाई म्हणाल्या. संत्र्याच्या खोडावर फुटणारा तो माजोरडा फुटवा. फळ धरत नाही, झाडाचं मात्र सारं खातो. "छाटला तरी फुटते. म्हणून बाग सोडते का कोणी? काहून मरत नाहीत त्या?"

"तुकडा आत पोहोचतच नसंल. पोचवायची रीत बदलून पाहा लागंन."

"मंग पाहिली?"

"नाही."

बाईंचं डोकंच फिरलं. न पाहता हरणारी माणसं त्यांना मुळीच सहन होत नाहीत, मग ती पोटची का असेनात. लेकीला प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोचवूनच त्या परतल्या.

दीड महिन्यानं बागेत फोन वाजला. "आई, मरून राहिल्या! तुकडा पोहोचला!"

मजुरांसमोर रडायचं नाही म्हणून बाईंनी पाठ फिरवली.

"किती मेल्या?"

"शंभरातल्या चाळीस!"

"म्हणजे साठ जित्त्या हायेत," प्रेमलताबाई म्हणाल्या. "फोन ठेव अन् कामाले लाग."