धोंड्याच्या वाणातलं ग्राफिक्स कार्ड

आमच्या माहेरी जावयांच्या बाबतीत एकच कायदा आहे : दोघांना सारखं. मागच्या अधिक महिन्यात मोठ्या जावयाच्या अंगठीचा खडा माझ्या नवऱ्याच्या खड्यापेक्षा किंचित मोठा निघाला, तर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भरल्या ताटावरून उठून सोनाराला फोन लावला होता. जावयांना त्याचं काहीच नव्हतं. पण अण्णांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यांना तराजू जरासा कललेला दिसला तरी अन्न गोड लागत नाही.

यंदा माहेराहून, पिंगळीहून धोंडे जेवणाचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी फोनवरच विचारलं, "जावईबापू, कपडे अन् अंगठ्या बास झाल्या आता. कामाचं काही सांगा." नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी कागदावर लिहून दिलं आणि त्यानं ते वाचून दाखवलं, "ग्राफिक्स कार्ड." मग अण्णा म्हणाले, "अजबच हाय. सकाळी मोठे जावई बी हेच म्हणायलते."

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात बसवायचा, पंखा लावलेला एक जाडजूड भाग. पडद्यावरची चित्रं तो काढतो. तो कमजोर असला की गाड्यांच्या शर्यतीत रस्ता अडखळत पुढे येतो आणि कडेची झाडं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दिसतात. आमच्या जिंतूरच्या घरी दोन वर्षं नुसता फ्लॉवर चालला होता.

आता खरी गोम. माझा नवरा खेळत नाही. तो स्कूटरसुद्धा अशी चालवतो की सायकलवाले मागून घंटी वाजवतात. खेळते मी. शाळेतून आले, वह्या तपासल्या, कुकर लावला की मी स्टिअरिंगला बसते. कॉम्प्युटर त्याच्या नावावर घेतलेला, म्हणून खेळातलं खातंही त्याच्याच नावानं उघडलं होतं. दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, दोन वर्षांपूर्वी ते नाव पडद्यावर बघितलं आणि लगेच फोन केला, "साडूसाहेब, तुमी बी खेळता? बोलला न्हाईत कधी!" माझ्या नवऱ्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. तो म्हणाला, "हो, थोडंफार." तेव्हापासून दर रविवारी दुपारी राणीसावरगावातून दाजी आणि जिंतुरातून मी, अशी शर्यत सुरू झाली. मधे मधे मेसेज टाइप करून आम्ही एकमेकांना टोमणे मारायचो.

पहिल्या रविवारनंतर सांगून टाकायचं माझ्या मनात होतं. पण मी जिंकले, आणि सांगायची इच्छाच मेली. त्याला कारण होतं. एका दिवाळीत आम्ही कॅरम खेळलो होतो, तेव्हा दाजी सोपी सोपी सोंगटी मुद्दाम चुकवत होते आणि माझी एखादी गेली की "वा वा, क्या बात है" म्हणत टाळ्या वाजवत होते. माणूस मनानं लय चांगला. बियाणं-खताचं दुकान चालवतात, उधार मागणाऱ्यालाही चहा पाजतात. पण मेहुणी समोर बसली की हात राखून खेळायचं, हे त्यांच्या हाडात आहे. मला तसलं जिंकणं नको होतं. साडू समजून ते माझ्या गाडीला धक्के देत होते, रस्ता अडवत होते, शिव्या लिहीत होते, आणि ते मला मनापासून आवडत होतं. माझं नाव कळलं की हे सगळं संपणार, एवढीच मला धास्ती होती.

श्रेय मात्र नवऱ्याला मिळायचं. घरातल्या समारंभात दाजी त्याच्या पानात आंब्याची जास्तीची फोड वाढायचे आणि म्हणायचे, "बोलायला गाय, चालवायला वाघ!" वाघ खाली मान घालून फोड खायचा.

तर वाण आणायला अण्णा, दोघे जावई आणि मी, असे परभणीला गेलो. ताई आईच्या हाताशी पुरण वाटायला पिंगळीलाच थांबली. दुकानदारानं दोन खोकी काउंटरवर ठेवली. "सर, तुमच्या बजेटमधी हे दोनच हायत, अन् एकेकच नग उरलाय. किंमत सारखीच." किंमत सारखी म्हटल्यावर अण्णांचा चेहरा उजळला. "मग फरक काय?" दुकानदार म्हणाला, "ह्याला एक पंखा, मेमरी सहा. ह्याला दोन पंखे, मेमरी आठ. एक पंख्यावालं नव्या बनावटीचं, दोन पंख्यावालं जुनं पण दणकट. शेजारी शेजारी लावल्याबिगर फरक कळायचा न्हाई." अण्णांनी खिशातून लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट काढलं, त्याच्या पाठीवर उभी रेघ मारली आणि दोन रकाने पाडले.

मला त्या रकान्यांची गरज नव्हती. मी तीन आठवडे व्हिडिओ बघत होते. प्रत्येकात एक पोरगा तोंड वासून ओरडायचा, वीस मिनिटं दोन्ही कार्डांना एकाच खेळात पळवायचा आणि शेवटी म्हणायचा की आपापल्या गरजेनुसार ठरवा. असे चाळीस बघून मी ठरवलं होतं की दोन पंख्यांचंच घ्यायचं. आठ ते आठ, सहा ते सहा.

आणि ते मिळवायची युक्तीही माझ्याकडे होती. दाजींची एक खोड सगळ्या घराला माहीत आहे : माझा नवरा ज्याला हात लावेल तेच त्यांना पाहिजे असतं. एकाच ताग्यातल्या दोन शर्टपीसांत त्यांनी दोनदा अदलाबदल केली होती. म्हणून मी नवऱ्याला पढवून ठेवलं होतं, की तू एका पंख्याच्या कार्डाचं तोंड भरून कौतुक कर, म्हणजे ते झडप घालतील आणि दुसरं आपल्याला राहील.

नवऱ्यानं ते खोकं दोन्ही हातांनी उचललं. "काय बांधणी आहे," तो म्हणाला, "आवाज नाही, तापत नाही. आपलं मन तर ह्याच्यावरच बसलं." एवढं छान तो आमच्या लग्नातसुद्धा बोलला नव्हता. मी मनातल्या मनात दाजींच्या हाताची वाट बघत राहिले.

दाजींनी हात पुढे केला, खोक्यावर ठेवला आणि ते खोकं हळूच नवऱ्याच्या छातीकडे ढकललं. "घ्या साडूसाहेब. दरवेळी म्याच आधी उचलतो. येताना तुमच्या ताई बोलल्या मला, ह्या बारीला धाकट्याच्या मनासारखं होऊ द्या म्हणून. आमाला दुसरं चालतंय."

"अहो नाही!" मी ओरडले. "मला दोन पंख्यांचंच पाहिजे!"

दुकानदाराचा स्क्रू ड्रायव्हर हातातच थांबला. अण्णांनी पाकिटावरून मान वर केली. दाजी म्हणाले, "तुला? तुला कशाला?" मी नवऱ्याकडे बघितलं. काहीतरी बोलून सावरून घेईल असं वाटलं होतं, पण त्याच्या तोंडावर जी सुटका दिसली ती मी विसरणार नाही. "तीच खेळते," तो म्हणाला. "मी एकदाही खेळलो नाही. देवाशपथ."

दाजी माझ्याकडे टक लावून बघत राहिले. "त्या घाटाच्या वळणावर मला आतून काढून पुढं गेलेला?"

"मीच."

"पावसाच्या शर्यतीत मला नाल्यात घातलेला?"

"तीही मीच."

"अन् म्या ते साखर वाढल्याचं लिवलेलं, घरी सांगू नका म्हणून?"

"ते मी कुणाला सांगितलं नाही," मी म्हणाले. अण्णांच्या कानावर ते आत्ताच पडलं होतं, पण त्याला माझा इलाज नव्हता.

अण्णांना मात्र कोण खेळतं यात काडीचाही रस नव्हता. "ते राहू द्या बाजूला. मला हे सांगा, हे चालतंय कशावर? डब्यात वीज किती येती?" मी आमच्या जुन्या पॉवर सप्लायचा आकडा सांगितला. दुकानदारानं मान हलवली. "मॅडम, दोन पंख्यावाल्याला वेगळी वायर लागती, तुमच्या सप्लायला ती हायच न्हाई. एक पंख्यावालं सरळ बसतं." दाजींचा सप्लाय मागच्याच वर्षी घेतलेला, नवा. अण्णांनी दोन्ही रकान्यांखाली एकेक बरोबरची खूण केली आणि पाकीट खिशात घातलं. चाळीस व्हिडिओ बघून जे मला सुचलं नाही ते त्यांनी एका प्रश्नात विचारलं होतं. मला इतकी लाज वाटली की परतीच्या वाटेवर मी खिडकीबाहेर बघत बसले.

जेवायला बसल्यावर दाजी माझ्याकडे बघेनात. एरवी पुरणाचे सात-आठ धोंडे तुपात बुडवून खाणारा माणूस दोनातच हात धुवायला उठला. ताईला आतल्या खोलीत हसू आवरत नव्हतं, पण मला हसू येत नव्हतं. अण्णांनी दोन ताटांत दोन खोकी ठेवली, दोन्हींवर मोजून एकेक कुंकवाचं बोट लावलं आणि जावयांच्या हातात वाण दिलं. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "वाण जावयालाच द्यावं लागतंय. पुढं तुमी कुणाला द्यायचं ते तुमी बघा." नवऱ्यानं तिथल्या तिथं ताट माझ्याकडे वळवलं. आनंद व्हायला पाहिजे होता. मला फक्त येणारा रविवार दिसत होता.

रविवारी ठरल्या वेळेला दाजी खेळात आले. नव्या कार्डावर झाडांना पानं आली होती, रस्ता गुळगुळीत झाला होता. पहिली शर्यत मी जिंकले, कारण शेवटच्या वळणावर दाजी उगाचच कठड्याला जाऊन टेकले. दुसरीत त्यांनी मला सरळ वाट करून दिली आणि मेसेज टाकला, "वा वा, लय भारी चालवायलीस." माझं डोकंच फिरलं. मला रडूही येत होतं आणि रागही येत होता. दोन वर्षं मी ह्यांना घाम फोडला, आणि आता मला लेकरासारखं जिंकवत होते.

तिसऱ्या शर्यतीत मी शेवटच्या रेषेच्या वीस फूट अलीकडे ब्रेक लावला. दाजीही मागे येऊन थांबले. "काय झालं?" असं त्यांनी लिहिलं. मी गाडी वळवली, लांब मागे नेली, आणि सगळा जोर लावून त्यांच्या दारावर घातली. त्यांची गाडी कठडा तोडून खाली दरीत गेली, दोन कोलांट्या मारून उलटी पडली.

मला वाटलं, दाजी उठून गेले असतील. मग अक्षरं उमटली, "थांब आता. दाखवतोच तुला."

चौथ्या शर्यतीत त्यांनी मला पहिल्याच वळणावर चिखलात लोटलं. मी बाहेर आले तर पुढे आडवे उभे राहून वाट अडवली. शेवटच्या उतारावर दोघे बरोबरीनं होतो आणि त्यांनी निर्लज्जपणे मला भिंतीला घासत घासत नेलं, एका गाडीच्या अंतरानं पुढे गेले. मी एवढ्या मोठ्यानं टाळ्या वाजवल्या की नवरा आतून धावत आला. "जिंकलीस?"

"हरले," मी म्हणाले, "पार हरले!" आणि पुढची शर्यत लावली.