भागाबाईची वही

मैलूरच्या खालच्या गल्लीत कुणाची सून बाळंतपणाला आली की सातव्या महिन्यातच शेजारणी म्हणायच्या, "सुगंधाक्काला सांगून ठिवा, पुस-माघात लेकरू गारठंल." बिदरचं पठार उंच, थंडी बोचरी. सुगंधाबाईच्या हातचं टोपडं आणि स्वेटर अंगावर चढल्याशिवाय गल्लीतलं बाळ उंबऱ्याबाहेर निघत नसे. मापही न घेता ती नुसतं पोराकडं बघायची आणि सुयांवर टाके घालायला बसायची. "आकडे बिकडे काय न्हाई बघा, सगळं अंदाजानं," असं ती म्हणायची. ऐकणाऱ्या बायांना त्याचं फार कौतुक वाटायचं.

कौतुक वाटण्यासारखा तिचा हात होताही. माहेर बसवकल्याणजवळचं, घर धनगराचं. आईच्या मांडीशी बसून तिनं घोंगडीसाठी सूत काढलेलं. लोकर बोटांना ओळखीची होती. पण शाळा पहिलीतच सुटलेली, आणि आकडा म्हटला की ती दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायची.

लोकरीचं विणकाम ती शिकली ते लग्नानंतर. नवरा नागप्पा सिमेंटच्या गोदामावर हमालीला जायचा, सुनील दोन वर्षांचा होता. गावात सहा महिन्यांचा विणकामाचा वर्ग निघाला आणि शेजारची भागाबाई म्हणाली, "चल की गं अक्का, घरी बसून काय करायलीस?" भागाबाई दहावी शिकलेली. तिचा नवरा माणिकराव गवंडी, घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांची फळी. वर्गात शिकवायला सुधारानी नावाच्या बाई होत्या. त्या कानडीत सांगायच्या, मधूनच हिंदीत शिरायच्या, आणि इतक्या भराभर बोलायच्या की निम्म्या बाया नुसत्या माना हलवत. भागाबाई मात्र ते सगळं मराठीत उतरवून घ्यायची. दोनशे पानी वही, त्यात तिचं टपोरं अक्षर. सुधारानींचे अवघड नमुने ती घरी जाऊन विणून बघायची, उसवायची, पुन्हा विणायची आणि सोपे करून लिहायची. "तान्ह्याचा स्वेटर. दहा नंबरच्या सुया. पाठीला साठ टाके. गळ्याला मधले चोवीस बंद, खांद्याला अठरा-अठरा. एका खांद्यावर गुंड्या, म्हणजे डोकं अडकत नाही." प्रत्येक नमुन्याखाली एक लहानसं चित्रही काढलेलं. एक पायमोजा, एक टोपडं, कान झाकणारी टोपी.

ही वही भागाबाईनं सुगंधाला आपण होऊन दिली. सुगंधा चार दिवस माहेरी चालली होती. "घेऊन जा. तिथं निवांत एक स्वेटर कर. अडलं तर चित्र बघ, आकडे भावाला वाचायला लाव." सुगंधानं ती पिशवीत घातली.

परत आल्यावर पिशवी झाडली तर वही नव्हती. सुगंधा खरोखरच घाबरली. तिनं खरं वाटलं तेच सांगितलं, "बसमदी राहिली वाटतंय गं." तीन दिवस भागाबाई बसस्टँडवर जाऊन उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला विचारलं. तिसऱ्या दिवशी तिथल्या भीमण्णा नावाच्या झाडूवाल्यानं "आम्मी काय वह्या ठेवून घेतो काय?" असं उडवून लावल्यावर तिचा तोल सुटला. चार माणसांत ती त्याला म्हणाली, रद्दीत विकली असशील, चोर हायस तू.

आठ दिवसांनी माहेरचा भाऊ काही कामानं बिदरला आला आणि त्यानं वही आणून दिली. घोंगडीच्या घडीत राहिली होती.

त्या दुपारी सुगंधा वही घेऊन उठली, दारापर्यंत गेली, आणि तिथंच थांबली. काय सांगायचं? तीन दिवस तिला स्टँडवर उभं केलं, एका गरीब माणसाला चोर ठरवायला लावलं, आणि वही घोंगडीत होती? उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. त्याच संध्याकाळी एका डॉक्टरीणबाईंची मोलकरीण लोकरीचे चार गुंडे घेऊन तिच्या दाराशी आली. सुगंधानं माहेरी विणलेला सुनीलच्या अंगावरचा स्वेटर बाईंना आवडला होता, तसाच हवा होता. सुगंधानं गुंडे ठेवून घेतले. रात्री नागप्पाकडून तिनं आकडे वाचून घेतले, घोकून घोकून पाठ केले. लाजेपायी वही राहिली की लोभापायी, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढंही कधी नीट कळलं नाही. महिन्याभरानं तिनं भागाबाईचं नाव लिहिलेलं पहिलं पान फाडून चुलीत घातलं. ते मात्र तिनं समजून उमजून केलं होतं.

दिवस सरले. सुगंधाबाईचं नाव झालं. भागाबाईनं विणकाम सोडलं, अंगणवाडीची परीक्षा दिली आणि गल्लीच्या टोकाच्या अंगणवाडीत बाई म्हणून लागली. दोघींचं येणंजाणं होतंच. भाजीची वाटी इकडची तिकडं जायची. फक्त विणकामाचा विषय निघाला की सुगंधा उठून चूल बघायला जायची.

पण त्याआधीची एक दुपार तिला टाळता आली नव्हती. भागाबाईची मुलगी प्रेरणा तेव्हा दीड महिन्याची होती. भागाबाई तिला छातीशी धरून आली. हातात फिकट पिवळा स्वेटर. आठवून आठवून विणलेला.

"अक्का, बग की गं, डोस्कं जाईना झालंय. गळ्याला मी मधले चौदा बंद केले. किती करावं लागतेत? तुला ठाऊक असंल."

वही तिथून पाच हातांवर, ट्रंकेत, साड्यांखाली होती. चोवीस हा आकडा सुगंधाच्या जिभेवर होता.

"मी अंदाजानं करते गं," ती म्हणाली. "आकडा न्हाई सांगता यायचा."

भागाबाईनं मान हलवली. "तुझ्या हातालाच देणगी हाय बग," असं म्हणून तिनं तिथंच बसून तो पिवळा स्वेटर उसवला, गुंडा करून पिशवीत टाकला. दुसऱ्या आठवड्यात सुगंधानं प्रेरणासाठी एक स्वेटर विणून नेऊन दिला. भागाबाईनं तो गालाला लावून बघितला आणि सगळ्या गल्लीला दाखवला. सुगंधा त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. नागप्पानं विचारलं तर पोट दुखतंय म्हणाली.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. यंदा सुगंधाची सून प्रतीक्षा गरोदर राहिली. पोरगी उदगीरची, बारावी झालेली, चटपटीत. सातवा लागला तसा तिनं हट्ट धरला, बाळाचा पहिला स्वेटर मीच विणणार. मोबाईलवर ती सोपे नमुने हुडकू लागली. एकात बाई इतक्या वेगानं सुया फिरवायची की डोळे ठरत नसत. दुसऱ्यात आकडे भलतेच, लोकर भलतीच जाड. तिसऱ्यात "एकदम सोप्पं" म्हणून जे सुरू व्हायचं ते पाचव्या ओळीला कुठं जायचं कुणास ठाऊक.

"आत्या, तुमीच सांगा की. किती टाके घालू?"

"घाल की पन्नास-साठ. मी बसते जवळ."

"पन्नास का साठ?"

सुगंधानं लोकरीचा गुंडा सोडायला घेतला. इतक्या वर्षांची सवय, आकडा बाहेर पडेना.

एक दिवस सुगंधा गिरणीवर गेली होती. जाताना घाईत, वहीचं ध्यान न राहून म्हणाली होती, बाळाच्या दुपट्याला ट्रंकेतली जुनी मऊ लुगडी काढून ठेव. दळण घेऊन आली तर प्रतीक्षा दारातच उभी. चेहरा नुसता फुललेला.

"आत्या, एवढा खजिना लपवून ठिवलाव व्हय! मला कामून न्हाई सांगितलाव?"

तिच्या हातात वही होती.

"आणि बगा तर, अंगणवाडीच्या आयांचा ग्रुप हाय ना, त्याच्यावर सगळ्या पानांचे फोटो टाकले मी. 'माझ्या सासूबाईंची वही' म्हणून. समद्या हेच हुडकायलेत की, सोपं काय सापडंना म्हणून. बगा किती जणींनी हात जोडलेत!"

पिठाचा डबा सुगंधाच्या डोक्यावरच राहिला. "त्या ग्रुपात भागाबाई हाय?" तिनं विचारलं.

"हायत की. त्यांचाच ग्रुप हाय तो. त्यांनी बघितलंय, पण काय लिहिलं न्हाई अजून."

त्या संध्याकाळी सुगंधा दाराकडं कान लावून बसली. भागाबाई येईल, तोंडाला येईल ते बोलेल, गल्ली गोळा होईल. व्हावी, असंही तिला वाटत होतं. पण कुणी आलं नाही. भागाबाई रोजच्या वेळी समोरून गेली, दुधाची पिशवी घेऊन परत आली, आणि दार लावून घेतलं.

सकाळी सुगंधा अंगणवाडीत गेली. पोरं खिचडीच्या ताटल्या घेऊन बसली होती. भागाबाईनं तिला बघितलं, पण वाढायचं थांबवलं नाही. शेवटच्या पोराला वाढून झाल्यावर ती पदराला हात पुसत बाहेर ओट्यावर आली. सुगंधानं वही पुढं केली. ती तिनं घेतली नाही.

"एवढंच सांग," भागाबाई म्हणाली. "प्रेरणाचा स्वेटर घेऊन आले होते मी तुज्याकडं. त्या दिवशी ही घरात होती?"

"व्हय."

"ट्रंकेत?"

"व्हय."

भागाबाई ओट्याच्या कडेला टेकली. "मला वाटलं होतं, माज्याच डोस्क्यात ऱ्हाईना झालंय. शिकून काय उपेग, असं म्हणून सोडून दिलं मी."

"भागाबाई, मला शिव्या दे. चप्पल काढून मार."

"कामून मारू? मारलं की तू मोकळी." तिचा आवाज चढला नाही. "आणि त्या भीमण्णाचं काय करू? चार माणसांत चोर म्हणलं मी त्याला. दुसऱ्या महिन्यात तो तिथं दिसंना झाला. कुठं गेला, कुणाला ठाऊक न्हाई. मी आजवर त्याला चोरच समजत आले की गं."

वही सुगंधानं ओट्यावर ठेवली आणि ती घरी आली. येताना रस्त्यात दोघी जणी भेटल्या. "अक्का, वही लई झकास हाय बगा," असं म्हणाल्या. पायाखालची जमीन दुभंगली तर बरं, असं तिला झालं.

घरी येऊन तिनं प्रतीक्षाला सगळं सांगितलं. चुलीत घातलेल्या पानाचंही सांगितलं. प्रतीक्षानं विणकाम बाजूला ठेवून ऐकलं. शेवटी इतकंच म्हणाली, "मग तुमी कामून न्हाई लिवत ग्रुपवर?"

"मला लिवाय येतंय का?"

"बोलता येतंय की."

प्रतीक्षानं मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला. तीनदा सुगंधा "ही वही" एवढ्यावरच थांबली. चौथ्यांदा तिनं सांगितलं, ही वही माझी न्हाई, भागाबाईची हाय. तिनं लिवलेली. मी ती दाबून ठिवली. बसमदी हरवली न्हवती, आणि स्टँडवरच्या भीमण्णानं घेतली न्हवती. मी अंदाजानं विणते म्हणून सांगायचे ते खोटं होतं. एवढं बोलून तिनं मोबाईल असा बाजूला ढकलला, जसा काही तो पोळत होता.

दोन दिवस गल्लीत चांगलीच कुजबुज झाली. नळावर ती गेली की बाया गप्प व्हायच्या. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "आमाला वाटलं देवानं हात दिलाय." नागप्पा चिडला. एवढ्या जुन्या गोष्टीसाठी घराची अब्रू वेशीला टांगायची काय गरज होती, असं त्याचं म्हणणं. सुनील आठवडाभर आईच्या नजरेला नजर देईना. सुगंधाला सगळ्यात जड गेलं ते सुनेचं वागणं. प्रतीक्षा अदबीनं वागायची, वेळेवर जेवायला वाढायची. पण लोकर घेऊन ती आता शेजारच्या शैलश्रीकडं बसायला जाऊ लागली.

महिन्याभरानं अंगणवाडीतून निरोप आला. निरोप भागाबाईचा होता, पण आणला एका पोराच्या आईनं. बुधवारी दुपारी आठ-दहा गरोदर बाया विणायला बसतायत, भागाबाई वाचून सांगतायत, पण सवय मोडल्यानं त्यांचे हात आता चालत नाहीत. दाखवायला कुणीतरी पाहिजे. यायचं तर या.

सुगंधा गेली. चटईच्या कडेला बसली. भागाबाई वहीतून वाचायची, "आता मधले चोवीस बंद करा," आणि सुगंधा एकेकीच्या सुया हातात घेऊन दाखवायची. भागाबाई तिच्याशी कामापुरतं बोलायची. अक्का म्हणत नसे. सुगंधाबाई म्हणायची, जसं परक्या बाईला म्हणतात.

मार्गशीर्षात प्रतीक्षाला मुलगी झाली. तिनं विणलेला स्वेटर एका बाहीला जरा लांब झाला होता, पण डोकं नीट गेलं. बारशाला प्रेरणा आली. गुलबर्ग्याला नर्सिंग शिकते ती. पाळण्याची दोरी ओढून गेली. भागाबाई आली नाही. गुडघा दुखतोय, असा निरोप होता.

अजूनही दर बुधवारी सुगंधा जाते. परवा बोलता बोलता तिचं लक्ष उडालं आणि एका सुनेला दाखवताना तिनं सुलट ओळीत उलट टाके घातले. भागाबाईनं चष्म्यावरून बघितलं.

"चुकलंय. उसवा ते," ती म्हणाली.

"व्हय," म्हणून सुगंधा उसवू लागली. तिचे कान तापले होते. भोवतीच्या बाया बघत होत्या, आणि तिनं मान वर केली नाही.