घोडीच्या पायावरची हळद

नव्वदच्या दशकात लग्न होऊन ओमानला गेले, तेव्हा पहिला धक्का मला घोड्यांनी दिला. माबेला गावाच्या पुढे एका अर्बाबच्या, म्हणजे अरबी मालकाच्या, खासगी तबेल्यावर माझा नवरा सुपरवायझर होता. आमच्या खोलीतला ए.सी. घरघर करून बंद पडायचा आणि समोर घोडे गारेगार हवेत, अंगावर झूल घेऊन उभे! बाहेर अंगाची लाही करणारं ऊन, आणि इथे घोड्यांना थंडी बाधेल म्हणून पांघरूण. मी म्हटलं, "पुढच्या जन्मी मी घोडीच होणार." नवरा हसलासुद्धा नाही. पुण्याच्या रेसकोर्सवर तयार झालेला माणूस तो. घोड्यांची थट्टा त्याला खपत नसे.

मग मीही त्यात ओढली गेले. सरावानंतर पाय सुजू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांना पट्ट्या बांधतात. पट्टीच्या आत मऊ गादी लागते, नाहीतर पट्टी रुतते. विकतच्या गाद्या लगेच चपट्या होत. मी जुन्या सुती साड्यांचे थर रचून, गोधडीला घालतात तसे टाके घालून गाद्या शिवल्या. अर्बाबने त्या दाबून पाहिल्या, "झेन, झेन", म्हणजे छान, छान, म्हणाला. तांबड्या घोडीच्या पट्ट्या तर मीच बांधायला लागले. इतरांवर लाथ उगारणारी ती घोडी माझ्यासमोर शहाण्यासारखी पाय टेकून उभी राही. त्या परक्या मुलखात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

बैलांत आयुष्य गेलेल्या सासूबाई त्या हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर आल्या. शर्यत जवळ आलेली, आणि नेमका घोडीचा पुढचा पाय जरा सुजला होता. डॉक्टर पाहून गेले, विश्रांती सांगून गेले. संध्याकाळी मी पट्टी बांधली आणि आम्ही दोघं सामान आणायला सीबच्या बाजारात गेलो.

सकाळी घोडी तीन पायांवर उभी. मी पट्टी सोडली. गादी पिवळीजर्द झाली होती आणि तिला चिकटून केस निघून आले. खाली लालभडक कातडी. हळदीचा वास मला कोणी ओळखून द्यायला नको होता.

मागून सासूबाईंचा आवाज आला. "म्या लावलंय. हळद-चुना कढवला, बैलाला आमी कढवतो तसाच. वरून तुजी पट्टी व्हती तशी आवळली. उतरली का सूज?"

तंबाखूच्या डबीतला चुना, माझ्या डब्यातली हळद आणि माझीच पळी! बैलाच्या पायावर लेप उघडा ठेवतात, वारा लागतो. इथे तो रात्रभर गादीखाली कोंडला होता. पण हे त्यांना सांगायलाही वेळ मिळाला नाही, कारण अर्बाबची गाडी दारात आली.

त्याने पाय पाहिला, गादी उचलून हुंगली आणि विचारलं, कोणी केलं? नवऱ्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अर्बाब, मदाम सव्वी. मा मालूम."

एवढं अरबी मला येत होतं. बायकोने केलं, तिला माहीत नव्हतं. सासूबाईंना अक्षर कळलं नव्हतं. अर्बाब गादी खाली टाकून नवऱ्याला म्हणाला, "मदाम खलास." तेव्हापासून तबेल्याचं दार मला बंद.

घरी येऊन मी नुसती पेटले होते. नवरा म्हणाला, "आईचं नाव सांगितलं असतं तर तिला दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं असतं. माझीही नोकरी गेली असती. तुझं काम अर्बाबने पाहिलंय, तुला तो काही बोलणार नव्हता."

"मग मला विचारायचंस तरी!"

"वेळ कुठे होता?"

लेपाने पाय भाजला आणि नाव माझं पुढे केलं, हे सासूबाईंना त्यानेच समजावून सांगितलं. घोडी बरी झाली, शर्यत मात्र हुकली. भाजलेल्या जागी पुढे पांढरे केस आले. मी कुंपणापलीकडून जाऊ लागले की ती खिंकाळायची आणि मला रडू फुटायचं.

दोन हजार सालानंतर आम्ही कायमचे परतलो. गावी दिराच्या वास्तुशांतीला पंगत बसली होती, मी वाढत होते. कोणीतरी ओमानचं विचारलं आणि सासूबाई हसत म्हणाल्या, "आमच्या सूनबाईनं तिकडं घोडीचा पाय भाजला व्हता, हळद-चुना बांधून! माझा लेक व्हता म्हणून निभावलं."

पंगत खदखदून हसली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. खोटेपणाचा मागमूस नव्हता. त्यांना ते खरोखर तसंच आठवत होतं.

मग मी नवऱ्याकडे पाहिलं. आता अर्बाब नव्हता, व्हिसा नव्हता, आणि वेळही भरपूर होता. त्याने मान खाली घालून भातात आळं केलं आणि म्हणाला, "वरण वाढ."

आणि मी वाढलं.