बिरसीच्या मैदानावरचा काटा

दुधराम मापाऱ्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्याच्या हातांमुळे. १९४८ च्या मार्गशीर्षात मी नंदलाल सेठच्या राईसमिलमध्ये शाळेसाठी रिकामे बोरे, म्हणजे पोती, मागायला गेलो होतो. अंगणात धानाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. जमिनीवर ठेवायचा मोठा लोखंडी काटा होता. हमालानं त्यावर बोरा टाकला की दुधराम आधी शेतकऱ्याला मागं सरायला सांगे, मग हमालाला, आणि शेवटी स्वतः दोन पावलं मागं जाऊन दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राही. दांडी स्थिर होईपर्यंत तो हात सोडत नसे. मग वाकून वजन वाचे आणि मोठ्यानं सांगे. पहिल्या बोऱ्याला तो एक म्हणत नसे, शुभ म्हणून 'लाभ' म्हणे. बोरा उतरला की खांद्यावरच्या दुपट्ट्यानं काट्याची पाटी पुसून घेई.

मी विचारलं, "प्रत्येक वेळी कायले पुसता?"

"सांडलेला धान पुढच्याच्या बोऱ्यात धरला जाते, मास्तर. तो सेठले भारी पडते."

"आणि हात मागं?"

"हात मोकळे दिसले त लोक हाताकडे पाहतात. मंग काट्याकडे कोन पाहीन?"

तेव्हा तो चाळिशीचा असेल. काळा, उंच, कानात एकच बाळी. चार वर्षांपासून तो या काट्यावर होता. दुसऱ्या गिरण्यांमध्ये रोज भांडणं होत. इथं होत नसत. आमगावकडचे शेतकरी दोन गिरण्या ओलांडून नंदलाल सेठकडे येत आणि कारण विचारलं तर "दुधराम तोलते" एवढंच सांगत. त्याचा साळा मनीराम, म्हणजे बायकोचा, देवकाबाईचा भाऊ, तोही धान इथंच आणी. त्याच्या बोऱ्याच्या वेळी तर दुधराम दोनाऐवजी चार पावलं मागं जाई.

पुढची सहा-सात वर्षं मी त्याला असाच पाहिला. दर दिवाळीला काट्याला लटकवायची वजनं लक्ष्मीपूजनासाठी गिरणीच्या हिरालाल मुनीमच्या घरी जात आणि चार दिवसांनी तेल लावून, हळदकुंकू वाहून परत येत. दुधराम ती दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावी. त्या घरी पूजेला मीही एकदा गेलो होतो. पाटावर वजनं मांडलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत.

१९५५ च्या वैशाखात सेठच्या मुलाचं लग्न जबलपूरला ठरलं. छोट्या लाइनच्या गाडीनं जबलपूरला जायला सारा दिवस जातो, आणि डब्यातून उतरणारा माणूस कोळशानं काळा होऊन उतरतो. सेठनं ठरवलं, बाकीची वरात दोन दिवस आधी गाडीनं जाईल, पण नवरदेव आणि घरची माणसं विमानानं उतरतील. लढाईच्या वेळी आमच्या जवळच बिरसीला इंग्रजांनी विमानांसाठी पट्टी बांधली होती. नंतर तिच्यावर गुरंच चरत होती. नागपूरला एक कंपनी भाड्यानं अख्खं विमान देते, असं सेठला कोणीतरी सांगितलं. इंग्रजी पत्रं लिहायला मला बोलावलं.

त्या पत्रांमुळे हा व्यवहार मला कळला. विमान भाड्यानं घ्यायचं म्हणजे तिकीट काढायचं नसतं. वेळ आपण सांगायची, ठिकाण आपण सांगायचं. विमान नागपूरहून रिकामं येणार, आपल्याला पोचवून रिकामं परतणार, आणि त्या दोन्ही रिकाम्या फेऱ्यांचं भाडंही आपल्याच माथी. सेठला तरी हे फार आवडलं. तो सगळ्यांना सांगत सुटला, "रेल छूट जाती है. ये नहीं छूटता. ये हमारे लिए खड़ा रहेगा."

पण कंपनीचे प्रश्नही बरेच होते. माणसं किती? मैदान कोरडं आहे का? गुरं कोण आवरणार? वारा कुठून वाहतो ते वरून दिसावं म्हणून धूर कोण करणार? आणि प्रत्येक माणसाचं वजन किती, सामानाचं किती? वजनं सेठनं अंदाजानं सांगितली, मी लिहिली. उत्तर आलं की अंदाज चालणार नाही. मैदानावर काटा आणून ठेवा, पायलटसमोर प्रत्येकाला तोलावं लागेल, आणि भार किती न्यायचा हे पायलट ठरवील.

गिरणीत दोन काटे होते. एक तांदूळ विकायचा, एक धान घ्यायचा. दुधरामनं धानाचा काटा बैलगाडीत चढवला. मी सहज विचारलं, हाच का? तो म्हणाला, "हा माह्या हातचा आहे, मास्तर. विमानाचा मामला आहे. दुसऱ्याचा भरोसा कायले ठेवा?"

बिरसीला सकाळीच दोन-तीनशे माणसं जमली. गुरं हाकलायला सेठनंच गावोगाव निरोप धाडले होते. आले ते बहुतेक त्याच्याच गिरणीत धान घालणारे शेतकरी. मनीरामही होता. ओल्या पेंढ्याचा धूर केला आणि सात वाजता दोन पंख्यांचं विमान उतरलं. पायलट तरुण होता, बहुधा लष्करातून सुटलेला. त्यानं घड्याळ पाहिलं. सेठचं कुटुंब आलं नव्हतं. विमान थांबणारच होतं, मग घाई कोणाला? ते साडेनऊला आले. तोवर पट्टी तव्यासारखी तापली होती. पायलट मला म्हणाला, "मास्टरजी, गरम हवा कमी भार उचलते. सात वाजता पंधरा मण नेलं असतं, आता चौदाच नेईन."

मग तो स्वतः काट्यावर चढला.

"पहले मैं. अपना वजन मुझे मालूम है, काँटे का मालूम नहीं."

दुधरामला हे बोलणं मनापासून आवडलं. त्यानं पाटी पुसली, मागं सरला, हात बांधले, वाकला आणि मैदानभर ऐकू जाईल असं सांगितलं, "लाभ! एक मण छत्तीस शेर."

पायलट हसला. "फिर से."

"एक मण छत्तीस शेर, साहेब."

पायलटनं खिशातून कागद काढला. दर सहा महिन्यांनी डॉक्टर त्याला तोलत. एकशे चौसष्ट पौंड. मी हिशेब करून सांगितलं, चाळीस शेरांचा मण धरून बरोबर दोन मण. त्यानं विमानातून तेलाचा सीलबंद डबा आणला, त्याच्यावर वजन छापलेलं होतं. तोही काट्यावर विसाव्या हिश्श्यानं हलकाच भरला. पायलटला त्याचं काही वाटलं नाही. "कोई बात नहीं, दो मन पे चार सेर जोड़ेंगे," म्हणाला आणि कागदावर लिहून घेतलं. त्याला ठाऊक नव्हतं की आमच्याकडे धानाचा बोरा दोन मणांचाच असतो. गर्दीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. दर बोऱ्यामागं चार शेर, हा हिशेब ज्यानंत्यानं मनातल्या मनात केला.

मग घरची सात माणसं तोलली. बायकांसाठी दोन्हीकडून चादर धरली. दुधराम वजनं हळू आवाजात सांगत होता आणि प्रत्येक वेळी हात मागे नेत होता, पण आता तो माझ्याकडे किंवा कोणाकडेच पाहत नव्हता. माणसं, पेट्या, मिठाईचे डबे, चांदीची ट्रंक. काट्यानं साडेचौदा मण दाखवले. पायलटनं वाढ धरून सव्वापंधरा केले आणि म्हणाला की सव्वा मण खाली राहील.

सेठ चिडला. "विमान मैंने किराए पे लिया है."

"हाँ जी. लेकिन उड़ाना मुझे है."

"अरे, चार सेर से क्या होता है?"

मागून मनीरामचा आवाज आला. चढा नाही, घरात बोलावं तसा. "काही होत नाही त मंग अकरा साल कायले ठेवून घेतले, सेठजी?"

मनीराम पुढं आला आणि सेठला सोडून दुधरामसमोर, आपल्या बहिणीच्या नवऱ्यासमोर, उभा राहिला. "भाटो, तुमाले मालूम होता?"

दुधराम काट्याजवळ गेला. लटकणारं मोठं वजन त्यानं काढलं, उलटं केलं आणि बुडाशी अंगठ्याच्या नखानं ओरखडलं. काळ्या लोखंडात पांढरी रेघ उठली. लोखंडावर नखानं रेघ उठत नाही. आत शिसं भरून वजन जड केलं होतं, म्हणून माल हलका भरे. त्यानं ते वजन उलटंच मनीरामच्या हातात दिलं. हे त्यानं केलं नसतं तर काटा जुना झाला, बिघडला, एवढ्यावर निभावलं असतं. पायलटनं तर बेरीज करून विषय संपवलाच होता.

सेठ फार वेळ थांबला नाही. "दुधराम," तो म्हणाला, "ये क्या किया तूने? मैंने तुझपे भरोसा किया."

दुधराम म्हणाला, "वजनं दिवाळीले मुनीमजीकडे जातात."

"पूजेला जातात," हिरालाल मुनीम म्हणाला. "अकरा वर्षं काटा कोणाच्या हातात आहे, सांगा लोकांना."

दुधरामनं माझ्याकडे पाहिलं. वजनं नुसती पूजेपुरती नाही, चार-चार दिवस मुनीमच्या घरी असतात हे सांगू शकणारा तिथं दुसरा माणूस मीच होतो. शाळेच्या दोन खोल्यांवर छप्पर घालून द्यायचं सेठनं कबूल केलं होतं, आणि पावसाळा दीड महिन्यावर होता. मी खिशातल्या कंपनीच्या पत्राची घडी घालत राहिलो. पुढं ते छप्पर झालं. अजून गळत नाही.

सव्वा मण कमी करायला चांदीची ट्रंक उतरवावी, असं पायलटनं सुचवलं होतं. सेठनं ट्रंक ठेवली आणि सुमित्राबाईला उतरवलं. ती सेठची विधवा बहीण. आईच्या आजारपणात नवरदेवाला तिनंच वाढवलं होतं. वजन बरोबर बसत होतं. नवरदेवानं खिडकीतून हात केला. विमान धुरळा उडवत गेलं आणि लोक आपापल्या वाटेनं पांगले. त्या दिवशी दुधरामला कोणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. त्याच्या शेजारून कोणी चाललं नाही, एवढंच.

परतीच्या बैलगाडीत काटा, सुमित्राबाई, दुधराम आणि मी होतो. बाई लग्नासाठी घेतलेल्या नव्या लुगड्यात बसली होती. वाटेत ती म्हणाली, "दुधराम, माझं खरं वजन किती रे?"

"मले मालूम नाही, बाई."

"तूच तर तोललं."

"मी काई तोललं नाही, बाई. मी नुसता उभा होतो."

दुसऱ्या दिवशी त्याला गिरणीतून काढलं. पोलिसात दिलं नाही, हे उपकार म्हणून सेठ चारचौघांत सांगत असे. कार्तिकात सेठनं सरकारी शिक्क्याचा नवा काटा आणला, त्याला हार घातला, शेतकऱ्यांना जिलबी दिली. गाड्या पुन्हा रांगेत लागल्या. मनीरामचीही लागली. मी त्याला म्हणालो, सेठला माफ केलं आणि घरच्या माणसाला नाही? तो म्हणाला, "सेठ त सेठच आहे, मास्तर. त्याच्यावर आमचा भरोसा होताच कवा? भाटोवर होता." दिवाळीला भावाकडे जायचं देवकाबाईनं तेव्हापासून सोडलं.

त्या हिवाळ्यात मी दुधरामकडे गेलो. माझं बोलणं तयार होतं, पण त्यानं ते करू दिलं नाही. विस्तवापुढे बसायला बोरा दिला, चहा दिला. मग स्वतःच म्हणाला, "मास्तर, मी लय इचार केला. त्या काट्यावर चोर बसवला असता त लोकायनं काटा पाह्यला असता. मी होतो म्हून कोनी पाह्यला नाही. सेठले चोर नोको होता. त्याले मीच पाह्यजे होतो."

मी म्हणालो, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "बोलाले पाह्यजे होतं." आणि चहाची कपबशी माझ्याकडे सरकवली.

आता मी निवृत्त झालो. साठ साल उजाडलं, मण-शेर जाऊन किलो येत आहेत. दुधराम पन्नाशी ओलांडून गेला. बायकोला घेऊन तो कुडव्याच्या बाजारात बसतो. थंडीत शिंगाडे, एरवी वांगी, मिरच्या, भाजी. मी दर आठवड्याला त्याच्याकडूनच घेतो. शेजारचे सगळे तराजूनं देतात. दुधराम पोत्यावर सारखे वाटे लावतो आणि वाट्यानं विकतो. काटा ठेवत नाही.