लोपीस बाईंचे शनिवार

लोपीस बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या वर्गातल्या खुर्चीवर चपला काढून उभ्या होत्या आणि पंख्यात हात घालून काहीतरी उपटत होत्या. आठवी 'ब'ची आम्ही सगळी पोरं दारात घोळका करून उभी. विज्ञानाला नवीन बाई येणार एवढं कळलं होतं, त्या छताला लटकलेल्या असतील हे कुणी सांगितलं नव्हतं. "बघताय काय? पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर द्या कोणीतरी. लाल मुठीचा. पटकन रे!" मी दिला. पंखा सुरू झाला, मिनिटभर फिरला आणि आधीपेक्षा मोठा आवाज करून बंद पडला. "झकास," बाई खाली उतरत म्हणाल्या, "म्हणजे चूक तिथे नव्हती."

बाई गोराईच्या. घरी मराठीच बोलायच्या, रविवारी चर्चला जायच्या, आणि रोज सकाळी होडीने खाडी ओलांडून बोरीवलीच्या आमच्या शाळेत यायच्या. खांद्याला कापडी पिशवी. त्यात वह्यांच्या खाली वायरचे तुकडे, पक्कड, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, आणि कधीकधी घरच्या परसातली वांगी. ती त्या कुणाच्याही हातात कोंबायच्या. एका जागी दहा मिनिटं काही त्या टिकल्या नाहीत. शिकवतानासुद्धा फळ्यापासून मागच्या बाकापर्यंत फेऱ्या चालू. बाई माणूस होती की भोवरा, देव जाणे!

एकदा शिक्षकांच्या बैठकीत कंटाळा आला म्हणून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर उघडलं. शाळेची घंटा त्याच घड्याळावर व्हायची. त्या दिवशी शाळा पंचवीस मिनिटं उशिरा सुटली आणि फाटकाबाहेर आयांचा गलका झाला. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे हेडसर म्हणत, लालबुंद झाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, ते मागे पडत होतं म्हणून उघडलं. आता मागे पडत नाही. आता ते बंद आहे." हे आम्हाला शिपाईमामांनी साभिनय करून दाखवलं होतं.

शनिवारी शाळा साडेअकराला सुटायची. मग मंडळं भरायची. मैदानात लेझीम, सभागृहात वक्तृत्व, संगीताच्या खोलीत समूहगीत. प्रयोगशाळेत बाईंचं विज्ञान मंडळ. मी वक्तृत्वात तिसऱ्या वाक्याला अडकले होते, लेझीममध्ये माझा पाय कायम उलटा पडायचा आणि गाण्याच्या सरांनी तर मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. गणितात पस्तीस म्हणजे आमच्या घरी सण. पण प्रयोगशाळेत हातात पक्कड आली की मला सगळं सुचायचं. खरं सांगते, त्या दोन तासांसाठी मी आठवडाभर शाळेत जायचे.

बाईंचं शिकवणं म्हणजे प्रश्नांचा मारा. "का नाही होणार? सांग ना, का?" आणि चुकलं की, "तोंड पाडू नकोस गं. कुठे चुकलं ते शोध, मग हवं तेवढं रड." काही नीट चालू लागलं तर मात्र त्यांना चैन पडायचं नाही. "बघू तर अजून कसं होतंय" म्हणत त्या ते परत सुटं करायच्या. आम्ही डोक्याला हात लावायचो.

मी नववीत गेले आणि हेडसर प्रयोगशाळेच्या दारात येऊन म्हणाले, "लोपीस बाई, दहावीच्या जादा तासांना शनिवार हवेत. पालक मागे लागलेत. तुमच्या मंडळाने शाळेला दिलंय काय? यंदाच्या आंतरशालेय विज्ञान प्रदर्शनात बक्षीस आणा, मंडळ ठेवतो. नाहीतर ही खोली जादा तासांना." बाई "बरं" म्हणाल्या आणि हातातली तार वाकवत राहिल्या. मला मात्र त्या दिवसापासून झोप लागेना. मंडळ गेलं तर मी कशाची कोण?

आम्ही मिठागराचं मॉडेल करायचं ठरवलं. बाईंच्या गावाला मिठागरं होती. भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि पुरेसं झालं की दार पाडायचं, त्यासाठी तिथे माणूस उभा लागायचा. आमचं दार आपोआप पडणार होतं. मोठ्या तसराळ्यात पाणी चढलं की प्लास्टिकचा रिकामा डबा तरंगून वर येणार, त्याला जोडलेली दांडी फिरणार आणि दार खाचेतून खाली. मी आणि माझी मैत्रीण वैशाली दीड महिना त्याच्याशी झटलो. शेवटी पत्र्याचं दार असं झकास पडायला लागलं की आम्ही नाचलो. प्रदर्शनाला दोन दिवस उरले होते. बाईंनी दाराकडे बघितलं. "पत्रा खाऱ्या पाण्यात गंजेल गं. लाकडाचं करून बघू तर."

"बाई, नको ना! चालतंय की!"

"चालतंय, पण खरं नाही ते. मिठागरात पत्रा किती दिवस टिकेल?"

केलं लाकडाचं. शुक्रवारी दिवसभर पाण्यात चालवलं, अगदी बरोबर चाललं. शनिवारी सकाळी मुलुंडच्या एका शाळेत प्रदर्शनाचं टेबल मांडलं, पाणी ओतलं, डबा वर आला आणि दार ढिम्म हलेना. लाकूड फुगून खाचेत घट्ट बसलं होतं. वाट लागली! परीक्षक दोन टेबलांच्या अंतरावर आले होते आणि बाई नेहमीप्रमाणे एका जागी न राहता पलीकडच्या दालनात कुणाचं तरी मॉडेल बघायला गेल्या होत्या.

शाळेच्या प्रदर्शनात टेबलावर जमिनीपर्यंत चादर का घालतात, हे ज्यांनी प्रदर्शनं केली आहेत त्यांना ठाऊक असतं. शेजारच्या शाळेच्या पवनचक्कीखाली एक मुलगा बसला होता, त्याचे बूट मला दिसत होते. मी दाराच्या कडा कंपासच्या टोकाने खरवडल्या, म्हणजे ओढलं तर ते सरकेल इतपत. दाराला तंगूस, म्हणजे मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा, बांधला, चादरीला भोक पाडून खाली घेतला आणि वैशालीला म्हटलं, "तू बोल. पाणी ओत, डबा वर आला म्हटलंस की मी ओढते." ती घाबरली, पण बोलली. मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून ओढलं. वर टाळ्या वाजल्या. परीक्षक म्हणाले, "वा! फारच छान. परत एकदा दाखव बाळ." आणि मला वाटलं, वाचलं मंडळ.

दुसऱ्यांदा मी घाईत खुणेआधीच ओढलं आणि वरून बाईंचा आवाज आला. "थांबा. डबा अजून तळाशी आहे. दार आधीच कसं पडलं?"

मग चादर वर झाली. बाई वाकून माझ्याकडे बघत होत्या. रागावलेल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. "बाहेर ये, सुलभा. गुडघे खरचटतील." मी बाहेर आले. बाई परीक्षकांना म्हणाल्या, "मॉडेल चालत नाहीये, सर. ऐन वेळी दार बदलायची घाई माझी होती. का चालत नाही ते ह्या मुली सांगतील." मी रडत रडत सांगितलं, लाकूड कसं फुगलं, खाच किती रुंद हवी होती. परीक्षकांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि पवनचक्कीकडे गेले. पहिलं बक्षीस पवनचक्कीला मिळालं.

परतताना बसमध्ये मी स्फुंदत होते. "सगळेच करतात बाई! तुम्ही गप्प राहिला असतात तर मंडळ राहिलं असतं."

"राहिलं असतं," बाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते, हे मी तेव्हा पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. "पण मग दर शनिवारी मी तुम्हाला काय शिकवलं असतं गं? टेबलाखाली बसायला?"

पुढच्या शनिवारपासून प्रयोगशाळेत जादा तास सुरू झाले. बीजगणित. जूनमध्ये बाई वसईकडच्या कुठल्या शाळेत गेल्या. निरोपाच्या दिवशी मुलींनी त्यांना घेरलं होतं. मी गेले नाही. मला त्यांचा राग आला होता. दार त्यांनी बदललं, मंडळ त्यांनी घालवलं, आणि वर शहाणपण मलाच! हा राग मी चार वर्षं नीट जपून ठेवला.

दहावीनंतर कशीबशी पॉलिटेक्निकला लागले. तिथे पाण्याच्या प्रवाहाचा एक प्रयोग असायचा. रीडिंग कुणी घ्यायचं नाही, मागच्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलमधून उतरवायचं, हीच रीत. मीही लिहायला बसले. पहिला आकडा उतरवला आणि पुढे हात चालेना. एकदम चीड आली, बाईंचीच. दुसऱ्या दिवशी एकटी प्रयोगशाळेत जाऊन सगळं मोजलं. उत्तर पार चुकलं. परत मोजलं, तेच. तसंच लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरचे सर म्हणाले, "उत्तर चुकलंय, माहीत आहे?" म्हटलं, "हो सर. पण मोजल्यावर तेवढंच आलं." पंचवीसपैकी नऊ मिळाले. बाकी सगळ्यांना बावीस.

ते जर्नल घेऊन मी रविवारी गोराईला गेले. का गेले, भांडायला की दाखवायला, मलाही नक्की ठाऊक नव्हतं. बाईंच्या अंगणात सात-आठ पोरं एका उघड्या सायकलीभोवती बसली होती आणि बाई हात काळे करून त्यांच्यात फिरत होत्या. केस पांढरे व्हायला लागले होते. मला बघून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही.

"बाई, मी तुमच्यावर खूप रागावले होते."

"ठाऊक आहे गं. अजून आहेस?"

"थोडी."

"असू दे. ते काय आणलंस?"

मी जर्नल पुढे केलं. त्यांनी साडीला हात पुसले आणि पानं उलटली. माझे आकडे एकेक करून ओठांत वाचले, नऊवर बोट ठेवलं. मला वाटलं आता जवळ घेतील, निदान शाबास म्हणतील.

"कुठे चुकलं ते सापडलं?"

"नाही."

"मग आधी ते शोध ना," बाई जर्नल माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "मला काय दाखवत बसलीस! होडी सुटायला दहा मिनिटं आहेत, पळ."

मी पळाले. होडीत बसून पहिल्या रीडिंगपासून बघायला लागले आणि किनारा आला तरी उठायचं भान राहिलं नाही.